सी मधला लूप लॅबमध्ये चालतो, घरी चालत नाही. असं का?

तुम्ही म्हणताय, दहा आकड्यांची बेरीज करणारा प्रोग्राम कॉलेजात बरोबर चालतो, घरच्या लॅपटॉपवर लूपमध्ये शिरतच नाही, आणि मध्ये एक प्रिंटएफ टाकला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. लूपला हात लावू नका, त्याच्या वरची ओळ बघा. ‘इंट आय, टोटल;’ एवढंच लिहून तुम्ही थेट व्हाइल सुरू केलंय. शून्य दोघांनाही दिलेलं नाही.

मीही यात फसलोय. फोंड्याला गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला होता, जूनच्या नोंदींची बेरीज करायला छोटा प्रोग्राम लिहिला. उत्तर आलं ३३,६७८ मिलिमीटर! आमच्याकडे पाऊस दणकून पडतो, पण इतका? वहीत हाताने बेरीज केली तर ९१३. फरक ३२,७६५. हा आकडा लक्षात ठेवा. ६४-बिट लिनक्सवर स्टॅकच्या (फंक्शनमधली व्हेरिएबल्स जिथे राहतात त्या मेमरीच्या) पत्त्याचा वरचा अर्धा भाग इंट म्हणून वाचला की बहुधा ३२,७६४ ते ३२,७६७ यांतलंच काहीतरी हाती लागतं. म्हणजे आधीच्या कुठल्यातरी कामातला पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, माझ्या ‘टोटल’च्या जागी तसाच पडून होता. म्हापशाच्या बाजारात आधीच्या गिऱ्हाइकाचे बांगडे पारड्यात ठेवूनच तुमचे तोलले, तसं. तुमच्या ‘आय’मध्ये असं काही असेल तर ते दहापेक्षा कमी नाही, लूप तिथेच संपला.

ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल्सना सी स्वतः शून्य देते, साध्या लोकलना, म्हणजे फंक्शनच्या आतल्यांना, नाही. प्रिंटएफ टाकल्यावर कंपायलर व्हेरिएबल्सची मांडणी बदलू शकतो, म्हणून लक्षण पळतं, दुखणं राहतं. शिवाय असं वाचणं ‘अनडिफाइन्ड बिहेव्हियर’ (काय घडेल याची सी हमीच देत नाही) असल्यामुळे कंपायलरचा ऑप्टिमायझर, म्हणजे कोड वेगवान करणारा भाग, अख्खा लूपसुद्धा उडवू शकतो. तेव्हा ‘आत कचरा कोणता होता’ हे शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही (मी एक रात्र घालवलीय).

जीसीसी या कंपायलरला ‘डॅश डब्ल्यू-ऑल’ द्या आणि सोबत ‘डॅश ओ-टू’ही, कारण ऑप्टिमायझेशनशिवाय यातल्या काही वॉर्निंग येतच नाहीत. तरी सापडलं नाही तर ‘डॅश जी’ लावून कंपाइल करा, व्हॅलग्राइंडमध्ये (मेमरीतल्या चुका शोधणारं साधन) ‘ट्रॅक ओरिजिन्स’ चालू करून चालवा; तो ओळ क्रमांकच सांगतो.

आणि ‘एन’, म्हणजे किती आकडे ते, स्कॅनएफने घेत असाल तर तो काय परत देतो तेही तपासा. कुणी आकड्याऐवजी अक्षर दाबलं की ‘एन’ला काहीच मिळत नाही, आणि त्यावर वॉर्निंग येईलच असंही नाही.