मोठी पदे रिकामी असली, तरी भरती निघेलच असे नाही

प्रश्न : माझी मुलगी साताऱ्यात बी. ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०२० च्या आर्थिक संकटातही मोठी सरकारी पदे रिकामी होती, असे तिने वाचले. सरकारला माणसे हवीच आहेत, तेव्हा पदवीनंतर केवळ एमपीएससीच करायची, असे ती म्हणते. काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या मुलीने वाचले ते खरे आहे. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी घसरलेले असताना रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची (व्याजदर ठरवणाऱ्या समितीची) सप्टेंबरअखेरची बैठक पुढे ढकलावी लागली. कारण सहा सदस्यांपैकी बँकेबाहेरच्या तिघांची मुदत संपली होती, सरकारकडून नव्या नेमणुका झालेल्या नव्हत्या आणि गणपूर्तीला, म्हणजे बैठक भरवायला, किमान चार सदस्य लागतात. नेमणुका झाल्यावर ७ ते ९ ऑक्टोबरला बैठक झाली. सदस्यांची चार वर्षांची मुदत केव्हा संपणार हे आधीपासून ठाऊक असूनही असे घडावे, हे मला आजही अक्षम्य वाटते.

मात्र तिने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. अशी पदे परीक्षेतून भरली जात नाहीत. सचिव पातळीवरचे पद रिकामे राहिले, तर बहुधा दुसऱ्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. उलट तिजोरीवर ताण आला की पहिली कात्री नव्या भरतीलाच लागते. महाराष्ट्राच्या वित्त विभागाने ४ मे २०२० च्या निर्णयाने आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण वगळता नवी भरती थांबवली; पुढे मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुन्हा लांबणीवर पडली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांच्यापैकी ज्यांच्या हाती पदवीखेरीज काहीच नव्हते, त्यांचे हाल मला फार लागले.

म्हणून तिने आधी अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे आणि एमपीएससीची तयारी त्यासोबत करावी. पुण्याची गोखले संस्था आणि गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था हे जवळचे उत्तम पर्याय आहेत. (ऑक्टोबर २०२० मध्ये पतधोरण समितीवर आलेल्या आशिमा गोयल याच गोरेगावच्या संस्थेत प्राध्यापक होत्या.) यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा आणि रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागातील ग्रेड बी अधिकारीपद यांसाठी अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. अडचण येईल ती गणिताची. बी. ए.च्या अनेक विद्यार्थ्यांचे कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आणि संख्याशास्त्र कच्चे राहते, आणि अशा प्रवेश परीक्षांत नेमका त्यांवर भर असतो. त्यामुळे बारावीचे गणिताचे पुस्तक तिने याच महिन्यात पुन्हा हाती घ्यावे.