बक्षिसाच्या अटीवर चित्रपट होत नाही

पत्राचा सारांश: माझा मुलगा इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून गुण बरे आहेत. त्याला कमी खर्चात स्वतंत्र मराठी चित्रपट करायचा आहे. ठेव मोडून तीन लाख रुपये देण्यास मी तयार आहे. मात्र वर्षभरात चित्रपट पूर्ण होऊन एखाद्या महोत्सवात बक्षीस मिळाले नाही, तर हा नाद सोडून एमबीए करीन, असे त्याच्याकडून लिहून घेतले आहे. असे काही चित्रपट मी पाहिले. त्यांतले संवादही नीट ऐकू येत नाहीत. शिवाय मित्र त्याला लघुपटांच्या ध्वनिमुद्रणासाठी सारखे बोलावतात, त्यात अभ्यास बुडतो. माझी अट योग्य आहे ना?
एक वडील, कर्वेनगर

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलाच्या गुणांची मला काळजी वाटत नाही. त्याच्याकडून लिहून घेतलेल्या त्या कागदाची वाटते. ठेव मोडण्याची आपली तयारी लहान नाही, हे मी जाणतो. परंतु जिच्यात नापास होण्याचीच शक्यता अधिक, अशी परीक्षा आपण मदत म्हणून त्याच्यापुढे ठेवली आहे. महोत्सवातले बक्षीस त्या वर्षी आलेल्या इतर चित्रपटांवर आणि परीक्षकांच्या आवडीवरही अवलंबून असते. त्यावरून एवढ्या तरुण मुलाची कुवत ठरवणे अन्यायाचे आहे.

शिवाय या अटीने चित्रपटही बिघडेल. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याचे खरे भांडवल वेळ हेच असते. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'चे चित्रीकरण १९५२ मध्ये सुरू केले तेव्हा ते जाहिरात संस्थेत नोकरी करत होते. पैसे संपून काम थांबले, पुढे पश्चिम बंगाल सरकारने खर्च उचलला आणि चित्रपट १९५५ मध्ये प्रदर्शित झाला. आपली अट त्यांना लागू केली असती, तर ते पहिल्याच वर्षी नापास ठरले असते. तारखेच्या धाकाखाली आपला मुलगा स्वतःला ठाऊक असलेला विषय सोडून परीक्षकांना आवडेलसा विषय निवडेल, आणि एखादा प्रसंग फसला आहे हे दिसत असूनही, पैसे खर्च झाले म्हणून तो तसाच ठेवील.

कमी खर्चाच्या चित्रपटांविषयीचे आपले निरीक्षण बरोबर आहे. कारण मात्र आपण चुकीचे धरले आहे. संवाद ऐकू न येण्याचा दोष पैशाच्या अभावापेक्षा दुर्लक्षातून अधिक येतो. खिडकीतला प्रकाश पाहून घर निवडले जाते, पण खाली रस्त्यावर दुचाकींचा आवाज किती आहे, हे तिथे पाच मिनिटे उभे राहून कोणी ऐकत नाही. पंखा आणि फ्रिज बंद करणे, प्रत्येक खोलीतली नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवणे, याला पैसा लागत नाही. अंधारलेले दृश्य प्रेक्षक शैली म्हणून चालवून घेतो; न ऐकू येणारे वाक्य तो माफ करत नाही. दुसरीकडे, स्वस्ताईच्या गाजलेल्या आकड्यांवरही मुलाने विसंबू नये. 'एल मारियाची' हा १९९२ चा चित्रपट सुमारे सात हजार डॉलरमध्ये झाल्याचे सांगतात, पण तो चित्रगृहात पोहोचण्यापूर्वी ध्वनी आणि प्रतींवर स्टुडिओने त्याहून कितीतरी अधिक पैसे खर्च केले.

या चित्रपटांचे बळही मोठे आहे. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेच्या एकांकिकांतून तयार झालेली मुले महिनोन् महिने तालीम करतात. बोली खरी राहते, आणि मोठ्या नटाच्या तारखांसाठी कथा वाकवावी लागत नाही. मात्र हीच मुले कॅमेऱ्यापुढेही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकतात, आणि सगळेच मित्र असल्याने 'यातली वीस मिनिटे काप' असे सांगणारा कोणी उरत नाही.

आता आपण तक्रार म्हणून लिहिलेल्या वाक्याकडे येतो. मित्र आपल्या मुलाला ध्वनिमुद्रणासाठी 'सारखे बोलावतात'. ज्या कामात हे सगळे चित्रपट उणे पडतात, नेमक्या त्याच कामासाठी त्याला मागणी आहे, आणि घरात वाद चालला आहे तो दिग्दर्शनाचा! लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंयोजनाचा पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षेचे तपशील संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतील. तिथे इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण वाया जाणार नाही. एमबीए हा चांगला मार्ग आहे, पण शिक्षा म्हणून कोणालाही तिकडे पाठवू नये.

तेव्हा तो कागद त्याच्यासमोर फाडा आणि ठेव मोडू नका. शेवटची परीक्षा होईपर्यंत त्याने मित्रांची कामे सुट्टीच्या दिवसांपुरती ठेवावीत. त्यानंतर सहा महिने एखाद्या अनुभवी ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली काम करू द्या, आणि सोबत दहा मिनिटांचा एक लघुपट त्याने स्वतः करावा, कोणत्याही बक्षिसाच्या अटीविना. त्यानंतरही त्याला दिग्दर्शनच करायचे असेल, तर ते ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे, आपला किंवा माझा नाही. त्याला काही विचारायचे असल्यास पुढचे पत्र त्याला स्वतःला लिहू द्या, आणि ते पाठवण्यापूर्वी आपण वाचू नका.