कामशेतला पॅराग्लायडिंगचा नवशिक्यांचा कोर्स लावलाय. महिनाभर हातात आहे, राहायला पुण्यात, उंचीची भीती, चष्मा आहे. तयारी काय करू?

उंचीच्या भीतीचं आधी सांगते, कारण ती सगळ्यात कमी नडते. गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं की माझ्याही पोटात गोळा येतो. ग्लायडरखाली, म्हणजे डोक्यावरच्या कापडी पंखाखाली, तसं होत नाही. पायापासून जमिनीपर्यंत जाणारी भिंतच नसते. शिवाय सुरुवातीच्या उड्या छोट्या उताराच्याच असतात.

नडतात ते पाय. पहिला दिवस बहुतेक माळावरच जातो. ग्लायडर पसरायचा, वाऱ्यावर उचलून डोक्यावर उभा करायचा, तिथे टिकवायचा, खाली आणायचा, की पुन्हा पहिल्यापासून. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं आणि "उडायचं कधी?" सुरू होतं. माझ्या मते कोर्समधला सगळ्यात कामाचा भाग हाच. वारा कुठल्या बाजूने ढकलतोय ते मोठ्या पतंगाच्या ओढीसारखं कमरेला कळायला लागतं, आणि ते कळेपर्यंत उतारावरून पळण्यात अर्थ नाही. मग उतार आला की खाली पळत जायचं, ग्लायडर गोळा करून खांद्यावर टाकायचा आणि ऊन डोक्यावर घेऊन परत वर चढायचं.

म्हणून या महिन्यात जिमपेक्षा टेकडी बरी. पर्वती किंवा तळजाई, पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन, आठवड्यातून दोन-तीनदा. उतरताना घाई नको, गुडघ्यांची खरी तयारी तिथेच होते. गुडघा किंवा पाठ जुनी दुखरी असेल तर डॉक्टरांना आधी विचारा आणि कोर्स घेणाऱ्या शाळेलाही सांगा. वजनही खरं सांगा. ग्लायडरचा आकार त्यावर ठरतो. दोन-चार किलो लपवण्याची ही जागा नव्हे.

डोक्यात दोन गोष्टी घोळवून जा. एक, पाय जमिनीवरून सुटले तरी पळत राहायचं. नवा माणूस जरा हलकं वाटलं की हार्नेसमध्ये (पट्ट्यांच्या बैठकीत) टेकायला बघतो आणि ग्लायडरने नीट उचललेलं नसेल तर ढुंगणावर आपटतो. दुसरी, घाबरलं की दोन्ही ब्रेक, म्हणजे हातात धरायच्या ग्लायडरच्या दोऱ्या, खाली ओढून धरावेसे वाटतात. थोडे ओढले तर ग्लायडर मंदावतो. फार ओढून धरले तर तो उडायचाच थांबतो, म्हणजे स्टॉल. रेडिओवर "हात वर" ऐकू आलं की विचार न करता हात वर. ब्रेक पूर्ण ओढायचे ते उतरताना, जमीन अगदी जवळ आल्यावर, आणि तेही इन्स्ट्रक्टर सांगेल तेव्हा.

टेकऑफआधी मांड्यांचे पट्टे लावलेत का, हे दर वेळी हात लावून बघा. अनुभवी लोकही गप्पांच्या नादात ते विसरलेत आणि त्यातून जीव गेलेत.

शाळेला फोन करून विचारा: ग्लायडर 'ईएन ए' वर्गाचा (नवशिक्यांना चालणारा, सगळ्यात सांभाळून घेणारा प्रमाणित वर्ग) आहे का, उंच उड्डाणाच्या वेळी हार्नेसमध्ये रिझर्व्ह पॅराशूट असतं का, एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरी शाळा बघा. आणि विमा असेल तर त्यातलं साहसी खेळांचं कलम वाचा. बऱ्याच पॉलिसींत असे खेळ वगळलेले असतात.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. घोटा धरून ठेवणारे बूट, पूर्ण बाह्या, लांब पँट, हातमोजे. बुटांना नाडीचे हुक असतील तर वरून चिकटपट्टी लावा, नाहीतर ग्लायडरच्या दोऱ्या त्यात अडकतात. पावसाळा संपल्यावर जात असाल तर लोकरी मोजे अजिबात नकोत. वाळलेल्या गवताची कुसळं काढता काढता जेवायची सुट्टी संपते.

भरदुपारी जमीन तापली की हवा उसळते, तेव्हा नवशिक्यांना खाली बसवतात. म्हणजे पहाटे उठणं आलं आणि वाऱ्याची वाट बघत बसणंही. एखादा दिवस वाऱ्यापायी फुकट जाऊ शकतो, म्हणून सोमवारची सुट्टी टाकून ठेवा. रविवारी संध्याकाळची लोकल गाठायची म्हणून कुणी टेकऑफची घाई करू नये.

चष्मा चालतो. मागून बांधायची दोरी मात्र घ्या, आणि हेल्मेट घालून बघताना चष्म्यासकट घाला, काडी कानावर रुतते का ते तिथेच कळेल.