सांगलीचा पूर नकाशावर काढायचाय? आधी एवढं बघ

ऑगस्ट २०१९चा कृष्णेचा पूर निवडलास, झकास. पण सेंटिनेल-२ या उपग्रहाची पावसाळ्यातली चित्रं उघडलीस तर बहुतेक ढगच दिसतील. तो पॅसिव्ह: स्वतः काही न सोडता सूर्याचा परावर्तित उजेड टिपतो. सेंटिनेल-१ हा उपग्रह अ‍ॅक्टिव्ह: स्वतःच सुमारे ५.६ सेंमीच्या रडारलहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. ढग असोत, रात्र असो.

नवखे फसतात ते इथं:

- रडारचं चित्र फोटोसारखं वाचणं. शांत पाणी लहरी पलीकडे उडवून लावतं, म्हणून काळं दिसतं. पण साताऱ्याकडच्या डोंगरांची रडारसावली, म्हणजे डोंगराआड लहरी पोचत नाहीत ती जागा, तीही काळीच!
- पॅसिव्ह म्हणजे फक्त दिवसा, हा समज. थर्मल सेन्सर जमिनीची उष्णता रात्रीही टिपतात.

उभ्या उसातलं पाणी भल्याभल्यांना चकवतं, ते नंतर. आधी पुरापूर्वीचं आणि पुरातलं, अशी दोन रडारचित्रं शेजारी ठेव.