लग्नाचं नंतर बघू, आधी दाराची कडी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. तीन वर्षं ब्राऊन शुगर ओढत होता. आईची पाटली गेली तेव्हा आम्हाला कळलं. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून गेल्या आठवड्यात घरी आलाय. आई-अण्णा म्हणतात, सुटलं एकदाचं, आता लग्न लावून टाकू, म्हणजे मार्गाला लागेल. स्थळही आलंय. मुलीकडच्यांना काही कळू द्यायचं नाही, असं घाटतंय. मला धाकधूक वाटते. काय करू?
– एक बहीण, मिरज

उत्तर : ताई, मला शेवटची पुडी ओढून एकोणीस वर्षं झाली. माझंही लग्न ‘सुधारेल’ म्हणूनच लावलं होतं. हळद उतरायच्या आत बायकोच्या बांगड्या सोनाराकडे होत्या. त्यावर जास्त लिहीत नाही, ती हे सदर वाचते.

पण लग्नापेक्षा मला दुसरीच काळजी आहे. घरच्यांना वाटतं, धोका टर्कीत, म्हणजे माल तुटल्यावर अंग तडफडतं त्या दिवसांत. माल बंद झाला की आठ-दहा तासांत जांभया सुरू होतात, नाक गळतं, अंगावर काटा येतो, पोटऱ्यांत गोळे, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तर माणूस फरशीवर गडबडा लोळतो. तरी एरवी धडधाकट असेल तर त्यानं सहसा जीव जात नाही. (दारूचं उलट आहे. रोजच्या पिणाऱ्यानं ती एकदम तोडली तर फिट येऊन दगावू शकतो. तिथे डॉक्टर हवाच.)

ब्राऊन शुगरवाला दगावतो तो बरा होऊन घरी आल्यावर. रोज घेऊन अंगाला सवय झालेली असते, चार पुड्या पचतात. तीन महिन्यांत अंगाची सवय मोडते, डोक्यातलं माप मात्र जुनंच राहतं. माझा जोडीदार असाच गेला. चार महिने कोरा होता. बेंदराच्या दिवशी ‘आज एकदाच’ म्हणून जुन्या मापानं सुई घेतली. घरच्याच संडासात, आतून कडी लावून. बाहेर त्याची आई ‘पुरणपोळी गार होतेय’ म्हणून हाका मारत होती.

म्हणून लक्षात ठेवा : हाक मारून उठत नाही, घशात घरघर, श्वास अगदी सावकाश, ओठ निळे, असं दिसलं की लगेच 108 ला फोन. कुशीवर वळवा. लिंबूपाणी, ताक, काही तोंडात ओतू नका. आणि ‘चक्कर आली’ असली थाप मारू नका. यावर नॅलॉक्सोन नावाचं औषध आहे, पण काय घेतलंय ते डॉक्टरांना कळायला हवं.

केंद्रातून जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ‘हेही व्यसनच’ म्हणून अण्णांना ती बंद करू देऊ नका. डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायची. काही अडलं तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

स्थळाला सध्या नाही म्हणा. वर्षभर तरी. पुढे जमलं तर त्या मुलीला सगळं आधी सांगा, आणि भावालाच सांगू दे.

आणि उद्याच सुताराला बोलवा. संडास-बाथरूमची आतली कडी काढून घ्या. माझ्या आईनं काढली होती. मी महिनाभर तिच्याशी बोललो नाही.