हौसेला मोल नसतं, पण हप्ता असतो

प्रश्न: मी नोकरी करतो. गेली चार वर्षं रात्री मूल झोपल्यावर लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत आणि रिमिक्स करतो आणि ऑनलाइन टाकतो. एका रिमिक्सला 40 हजार प्ले मिळाले. लॅपटॉप अडखळतो. आता नवा लॅपटॉप, हार्डवेअर सिंथ (आवाज तयार करणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य), मॉनिटर स्पीकर, खोलीला आवाज शोषणारी पॅनेल आणि सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्ती घ्यायची आहे. एकूण खर्च आमच्या सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढा आहे. त्यातला चार महिन्यांएवढा भाग, सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी मुदत ठेव आहे ती मोडून, आणि उरलेला 18 हप्त्यांत देईन. स्ट्रीमिंगच्या कमाईतून हप्ते निघतील असा अंदाज आहे. बायकोशी अजून बोललो नाही. ही गुंतवणूक योग्य आहे का?

उत्तर: आधी तो ‘गुंतवणूक’ शब्द बाजूला ठेवू. हा हौसेचा खर्च आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. लोक प्रवासावर, कॅमेऱ्यांवर खर्च करतात, तेव्हा परतावा कोणी विचारत नाही. पण गुंतवणूक म्हटलं की ठेव मोडणंही शहाणपणाचं वाटू लागतं. तुमच्या पत्रात नेमकं तेच झालंय.

आता ते 40 हजार प्ले पाहू. रिमिक्स गाजला, पण मूळ गाणं तुमचं नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात: रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा, आणि दुसरा त्या मुद्रणाचा. कायदेशीर रिमिक्स विकायचा तर दोन्हींची परवानगी लागते. ‘मी पैसे घेत नाही, हौस म्हणून करतो’ एवढ्याने ही अट सुटत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा मूळ मुद्रण ओळखते आणि त्यावर जाहिरातीचा पैसा असेल तर मालक तो स्वतःकडे वळवू शकतो किंवा व्हिडिओच बंद पाडू शकतो. तोच रिमिक्स वितरकामार्फत, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत, चढवलात, तर तो काढला जाऊ शकतो, आणि वितरक तुमचं खातं बंद करून शिल्लक कमाई अडवूही शकतो. म्हणजे ज्या आकड्यावर तुम्ही हप्त्यांचा हिशेब मांडलाय, त्यातून तुमच्या खात्यात बहुधा शून्य येईल.

स्वतःच्या रचनांचं गणितही जरा कोरडंच आहे. स्पॉटिफायवर 2024 पासून एखाद्या ट्रॅकला मागच्या 12 महिन्यांत किमान 1,000 स्ट्रीम मिळाले नाहीत, तर त्याचं मानधनच मोजलं जात नाही. बॅंडकॅम्प या संगीत विकण्याच्या संकेतस्थळावर ऐकणारा थेट विकत घेतो, डिजिटल विक्रीवर ते 15 टक्के कापतात आणि व्यवहाराचं शुल्क वेगळं. तुम्हाला जीव लावणारे 50 श्रोते असतील, तर मला हा मार्ग बरा वाटतो. पण त्यावर 18 महिन्यांचा हप्ता बांधू नका.

रिमिक्सचीच ओढ असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं साहित्य वापरा. फक्त परवान्याची अक्षरं नीट वाचा: ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही, ‘एनडी’ असेल तर बदललेलं रूप प्रसिद्ध करता येत नाही, म्हणजे रिमिक्स संपलाच. रिमिक्स स्पर्धांत स्टेम, म्हणजे गाण्यातल्या आवाज-वाद्यांचे सुटे ट्रॅक, अधिकृतपणे मिळतात, पण तयार झालेल्या कामाचे हक्क आयोजकांकडे जातात का, हे भाग घेण्याआधी तपासा.

यादीकडे येऊ. लॅपटॉप अडखळतो म्हणून नवा हवाय, असं तुम्ही म्हणता. वाद्यांचे ट्रॅक फ्रीझ करा किंवा ऑडिओत बाउन्स करा, म्हणजे तयार ध्वनिफाइल करून ठेवा, आणि मिक्स करताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो ते आवाजाचे नमुने) 128 वरून 512 वर न्या. 44.1 किलोहर्ट्झला 512 म्हणजे साधारण 12 मिलिसेकंदांचा उशीर, जो वाजवताना जाणवेल, मिक्स करताना नाही. यातून भागलं तर सगळ्यात मोठी रक्कम वाचली.

स्पीकरचं तर मला हसूच आलं. रात्री मूल झोपल्यावर काम करता ना? मग ते वाजवणार कधी? शिवाय 50 हर्ट्झच्या बेसची लहर जवळपास सात मीटर लांब असते. लहान खोलीत ती भिंतींवर आपटून एका जागी दुप्पट ऐकू येते आणि दुसऱ्या जागी गायब होते. पातळ फोमची पॅनेलं तिला अडवत नाहीत. त्याऐवजी एक चांगला स्टुडिओ हेडफोन घ्या, तोही यंदाच.

सिंथबद्दल मात्र मी नरम आहे. नॉब हातात धरून आवाज वळवण्यात जी मजा आहे ती माउसने येत नाही. फक्त सेकंड हॅंड घ्या, पहिली घसरण दुसऱ्या कुणाला सोसू द्या. रोलॅंड कंपनीचं टीबी-303 हे बेस सिंथ बाजारात फसलं, 1984 मध्ये बंद झालं, जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं आणि शिकागोतल्या पोरांनी त्यातूनच ॲसिड हाउस ही नृत्यसंगीताची शैली काढली. तोवर व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे सॉफ्टवेअर सिंथ फुकट आहेत, आणि ते कामचलाऊ मुळीच नाहीत.

तुम्ही न लिहिलेली एक गळती असावी: सॅम्पल लायब्ररी (तयार आवाजांचे संच), प्लगइनचं (संगीत सॉफ्टवेअरला जोडायच्या साधनांचं) भाडं, वितरकाची वार्षिक वर्गणी, क्लाउड स्टोरेज. बॅंकेचं विवरण उघडून वर्षाची बेरीज करा. माझ्याकडे आलेल्या हौशी मंडळींत या बेरजेने दचकला नाही असा अजून भेटलेला नाही. वर्गणी थांबवल्यावर तुमची गाणी स्ट्रीमिंगवरून उतरतात का, हेही वितरकाला विचारा.

ठेव मोडू नका. तीच तुमची सहा महिन्यांची गंगाजळी आहे, मोडलीत तर दोन महिन्यांची उरेल. आणि व्याज धरून हप्ता घरखर्चाच्या बारा-तेरा टक्क्यांवर जाईल, तोही नेमका गंगाजळी आटलेली असताना. त्याऐवजी हौसेचं वेगळं खातं काढा आणि पगार झाला की घरखर्चाच्या पाच टक्के त्यात टाका. वर्षाकाठी अर्ध्या महिन्याच्या खर्चाहून थोडं जास्त जमेल. त्यातून आधी हेडफोन, मग लागल्यास सॉफ्टवेअर, मग सिंथ. बॅंडकॅम्पवर जे काही येईल तेही त्याच खात्यात जाऊ द्या.

पाच टक्के हा माझा अंदाज आहे. खरा आकडा बायकोशी बोलूनच ठरवा, कारण ती ठेव तिच्याही आजारपणासाठी आणि तुमची नोकरी गेली तर तिच्याही घरासाठी ठेवलेली आहे. आणि बोलायला बसाल तेव्हा तो गाजलेला रिमिक्स नको, तुमची स्वतःची एखादी रचना तिला हेडफोनवर ऐकवा.