रोपांच्या खोलीसाठी स्प्लिट एसी निवडताना

बंद खोलीत दिव्यांखाली रोपे वाढवण्यासाठी किती क्षमतेचा स्प्लिट एसी घ्यावा, असे आपण विचारले आहे. खोलीच्या क्षेत्रफळावरून तो ठरवण्याचा आपला विचार आधी बाजूला ठेवा. राहत्या खोलीसाठी हा हिशेब चालतो. रोपांच्या खोलीत मात्र मुख्य उष्णता दिव्यांची असते आणि दिवे एलईडी असले, तरी त्यांनी घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत उरते. म्हणून दिवे, पंखे, पंप आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारे यंत्र) यांच्या वॅटची बेरीज करून तिला ३.४ ने गुणा, म्हणजे ताशी बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) मिळतील. २,००० वॅटच्या भाराला सुमारे ६,८०० बीटीयू लागतात, तर १ टनाचा एसी १२,००० बीटीयू उपसतो. भिंती-छपरातून येणारी उष्णता धरूनही तो पुरेसा ठरावा.

नवखे लोक येथे हटकून गरजेच्या दुप्पट क्षमता घेतात. असा एसी हवा झटपट गार करून थांबतो, ओल तशीच राहते आणि पानांवर भुरी या बुरशीजन्य रोगाचे पांढरे ठिपके दिसू लागतात. त्यामुळे कमी भारावर संथ चालत राहणारा इन्व्हर्टर एसीच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवे मालवल्यावर एसी फारसा चालत नाही, रोपे मात्र बाष्प सोडतच असतात. त्या तासांसाठी डीह्युमिडिफायर हवाच.

खरेदीपूर्वी एवढे विचारा:

- वीज परत आल्यावर एसी आपोआप सुरू होतो का?
- बाहेर कडाक्याची थंडी असतानाही तो गारवा देतो का? दिवे हिवाळ्यातही तापतातच.
- निचऱ्याच्या नळीला सलग उतार मिळेल का?

झोत थेट शेंड्यांवर येणार नाही, अशी जागा निवडा. बाकीचे तांत्रिक तपशील सध्या राहू द्या. वॅटची बेरीज कळवलीत, तर क्षमता नेमकी ठरवता येईल.